मामांचं नाक

आमच्या कारखान्यात गॅस होतो तो लोकांनी टाकून दिलेल्या पाल्याचा. भाजीबाजारात उरलेली पानं, रसाच्या कारखान्यातली सालं, बागांमधलं कापलेलं गवत, शेतात उभी राहिलेली वाळकी ताटं, ज्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही ते सगळं आमच्या फाटकातून आत येतं. ओलं असेल त्याचा गॅस होतो. कोरडं आणि टणक असेल ते दळून, दाबून त्याच्या कांड्या पाडतात. त्याला पांढरा कोळसा म्हणतात, तो बॉयलरमध्ये जळतो. शेवटी जो चोथा राहतो तो खत होऊन परत शेतात जातो. शहरातल्या बस आमच्या गॅसवर धावतात, इस्पितळातल्या चादरी आमच्या गॅसवर धुतल्या जातात. पाहुण्यांना मी हे सांगतो तेव्हा ते माना डोलावतात आणि रुमाल नाकाला लावतात. मला त्याचा भयंकर राग येतो. ज्याच्या जिवावर आपण बसमध्ये बसून आलो त्याला नाक मुरडू नये, एवढं तरी माणसाला कळायला हवं.

मी पॅनेलवर असतो. माझ्यासमोर काटे आणि दिवे, आणि खिडकीतून दिसणारी मोठी बंद टाकी. तिला आम्ही पोट म्हणतो, आणि ते खरोखर पोटच आहे. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तिच्यात राहतात, ते पाला खातात आणि गॅस सोडतात. या पोटाला वेळेवर खायला लागतं, सवयीचं लागतं, आणि भलतंसलतं काही गेलं की ते असं बिघडतं की आठवडेच्या आठवडे वर येत नाही. म्हणून आत काय जाणार हे आधी मामांच्या नाकाखालून जायचं.

मामा म्हणजे माझे सासरे. कारखान्यात लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणायचे, त्यामुळे लग्नानंतर मला हाक बदलावी लागली नाही. गाड्या जिथं रिकाम्या होतात त्या ओट्यावर मामा उभे असायचे. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला मूठभर पाला काढायचे, तळहातावर चुरडायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. मग दोनपैकी एक शब्द. "घाला," नाहीतर "फिरवा." फिरवा म्हटलं की गाडीवाल्यानं कितीही गयावया केली तरी गाडी परत. बुरशी, आंबलेपणा, फवारणीचं औषध, सगळं त्यांना कळायचं. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, "सिगारेट ओढलीस आणि वर पुदिन्याची गोळी खाल्लीस. लपवायचं तर धड लपवावं, नाहीतर सोडून द्यावं." मी सोडून दिली. त्या नाकापुढे दुसरा इलाज नव्हता.

पण मामांचा खरा मान होता तो खड्ड्यावर. ओट्याच्या पलीकडे जमिनीत खोल सिमेंटचा खड्डा आहे. चिरलेला पाला तिथं पाण्यात कालवतात आणि तळाशी फिरणारा लांब स्क्रू ते कालवलेलं पंपाकडे ढकलत नेतो. भाजीच्या जुड्यांची सुतळी अधूनमधून या स्क्रूला अशी गुंडाळते की तो जागच्या जागी अडकून बसतो. मग खड्डा रिकामा करायचा, चौकोनी झाकण उघडायचं, आणि कुणीतरी सुरी घेऊन लोखंडी शिडीनं खाली उतरायचं. कुजत्या पाल्यातून एक विषारी वायू सुटतो, त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. थोडा असेल तर डोकं जड होतं. जास्त असेल तर माणूस उभ्या जागी कोसळतो, आणि त्याला उचलायला जो उतरतो तोही त्याच्यावरच पडतो. दुसऱ्या कारखान्यांमधल्या अशा हकिकती आम्ही सगळ्यांनी ऐकलेल्या होत्या.

म्हणून उतरायच्या आधी मामा झाकणाच्या काठाशी गुडघे टेकायचे, तोंड आत घालायचे, एक श्वास घ्यायचे. "थांब" म्हणाले तर मोठा पंखा लावून खड्ड्यात हवा सोडायची. "उतर" म्हणाले तर उतरायचं. कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून हीच रीत होती, आणि मामांच्या शब्दानंतर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

गेल्या वर्षी इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी साबणाच्या वडीएवढी एक पिवळी डबी आणली. ती दोरीला बांधून आधी खड्ड्यात सोडायची. वायू असेल तर ती किंचाळते. बाईंनी सगळ्यांना उभं करून समजावलं की हा वायू फार वाढला की माणसाचं नाक बधिर होतं, म्हणजे ज्या वेळी वास यायलाच हवा नेमका त्याच वेळी तो येत नाही. मामा हाताची घडी घालून ऐकत होते. म्हणाले, "बाई, यंत्र चांगलंय तुमचं. एक टोपी घाला त्याला, गोजिरं दिसेल." सगळे हसले. मीही हसलो. बाई काही रागावल्या नाहीत. "मामा, मला तुमचं नाकही हवंय आणि यंत्रही हवंय," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून आधी डबी, मग मामा, असं चालायचं. म्हणजे बाई असतील तेव्हा. बाई नसल्या की डबी त्यांच्या कपाटात आणि मामा खड्ड्यावर.

थंडीत मामांना ताप आला. साधासुधा नव्हता, अंथरुणालाच खिळवून गेला. कामावर परतले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. पण ओट्यावर उभे राहिले, पहिल्या गाडीत हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "घाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या एका सुट्टीला आम्ही सासरी गेलो होतो. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि माझी बायको खाली दुकानात गेल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत पडलो होतो आणि एकदम करपल्याचा वास आला. धावत आत गेलो तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, दुधाचं पातेलं काळंठिक्कर, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर मामा टेबलापाशी पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"लक्षच नव्हतं रे," ते म्हणाले.

मामी आल्या. त्यांनी पातेलं बघितलं, मग मामांना, मग मला. "मीच मोठी आच ठेवून गेले," त्या म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन इतका वेळ घासत बसल्या की माझी बायको म्हणाली, आई, भोक पडेल त्याला.

माझ्या मनात मात्र कुसळ शिरल्यासारखं झालं. पॅनेलच्या खिडकीतून ओटा समोरच दिसतो. मी बघू लागलो. मामीही आमच्याच कारखान्यात, आधी पट्ट्यावर काम करायच्या. सरकत्या पाल्यातून प्लॅस्टिक वेचायचं काम. मामा तापातून उठल्यापासून त्यांनी स्वतःहून ओट्यावर बदली मागून घेतली होती, जुड्या सोडायला. गाडी आली की त्या आधी पुढे व्हायच्या. मूठभर पाला उचलायच्या, प्लॅस्टिक शोधल्यासारखा तोंडाजवळ धरायच्या. मग कधी हात एप्रनला पुसायच्या, कधी पाला खाली टाकून दोन्ही हात झटकायच्या. त्यानंतर मामा पुढे यायचे, कोपरापर्यंत हात घालायचे, डोळे मिटायचे, सगळं अगदी पूर्वीसारखं. मामींनी हात पुसलेले असले तर "घाला." झटकलेले असले तर "फिरवा." एकदाही चूक नाही.

मला आधी हसू आलं. मग ते जागीच विरलं. जन्मभर जिनं त्या नाकाची थट्टा केली, तुमच्या नाकापायी पाहुण्यांनी घरी यायचं सोडलं म्हणून कुरकुर केली, तीच आता ते नाक झाली होती.

पुढच्या सलग सुट्टीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या वेळेला मी मामींना नळापाशी गाठलं.

"मामी, मामांना वास येत नाही."

त्यांनी हातावरचा साबण धुऊन टाकला. इकडेतिकडे बघितलं. "तापातच गेला," त्या म्हणाल्या. "आधी मलाही कळलं नाही. जेवण बेचव झालं म्हणून माझ्यावरच चिडायचे. डॉक्टर म्हणतात येईल कदाचित, कदाचित नाही यायचा."

"मग सांगून टाकायचं. त्यात लाज कसली? आजारपणात गेलं."

"तुम्हाला काय होतंय बोलायला. तुमचं सगळं काट्यावर दिसतं. त्यांच्याजवळ काय आहे दुसरं? शाळा शिकले नाहीत, अंगात पूर्वीसारखा जोर नाही. एक नाक होतं. ते फाटकातून आत येतात तेव्हा माणसं उठून उभी राहतात, ती कशासाठी?"

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. "ओट्याचं ठीक आहे," मी म्हणालो. "फार तर पोट बिघडेल. पण खड्डा? तिथं तुम्ही नसता."

"खड्डा त्यांनी सोडलाय." मामी एकदम ठाम झाल्या. "मी शपथ घालून वदवून घेतलंय. आता यंत्रावरच चालतं म्हणाले. मी एवढी वेडी आहे का?"

मी मान हलवली, पण माझं समाधान झालं नव्हतं. संध्याकाळी फाटकाबाहेर मामांना गाठलं आणि सरळ विचारलं, "खड्ड्यावर आता तुम्ही वास घेत नाही ना?"

"जावईबापू, तुम्ही तुमचे काटे सांभाळा."

"मला ठाऊक आहे मामा. मामींशी बोललो मी. बाईंना तुम्ही सांगता की मी सांगू?"

मला वाटलं आता भडकतील. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरच राग असायचा. पण ते रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसले.

"तुला कल्पना नाही," ते म्हणाले. "सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं झालंय. पाऊस आला, गाडी आली, जेवण आलं, सगळं बघून कळतं. तुझी सासू शेजारी येऊन बसली तरी बघितल्यावर कळतं की ती आलीय." मग उठले. "सुट्टी होऊ दे. पहिल्याच दिवशी मी स्वतः बाईंना सांगतो. तू बोलू नकोस. माझं मला सांगू दे."

मी कबूल झालो. माणसाला स्वतःचं दुःख स्वतःच्या तोंडानं सांगायचा हक्क असतो, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

सुट्टीनंतर कामावर आलो तेव्हा मामा आधीच आलेले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती. बाईंच्या खोलीच्या दाराशी उभे होते. दाराला कुलूप होतं. बाई मुख्य कार्यालयात बैठकीला गेल्या होत्या, दुपारपर्यंत येणार होत्या. मामा मला म्हणाले, "आल्या की सांगतो." ते खरंच सांगणार होते. त्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. केवळ खोटं बोलायला कुणी सदऱ्याला इस्त्री करत नाही.

ते दिवस कोबीचे होते. बाजारातून गाड्यामागून गाड्या कोबीची पानं येत होती, आणि सुट्टीआधी खड्डा त्याच पानांनी भरून बंद करून ठेवला होता. कोबी कुजला की तो वायू इतर कशाहीपेक्षा जास्त सुटतो, हे बाईंनी फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं. सकाळी पंप सुरू केला, खड्डा बराचसा उपसला, आणि माझ्यासमोर स्क्रूचा काटा एकदम वर जाऊन धाडकन खाली आला. स्क्रू अडकला होता. त्याबरोबर पट्टा थांबला. पट्ट्यावरच्या बायका हातमोजे सावरत बाहेर आल्या. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली आणि गाडीवाले हॉर्न वाजवू लागले.

मी खाली गेलो तेव्हा झाकण उघडलेलं होतं. खड्ड्यापाशी माझा मेहुणा उभा होता, मामांचा एकुलता एक मुलगा. तो आमच्याकडे फिटर आहे. उंचीमुळे त्याला सगळे लांब्या म्हणतात. दारातून येताना वाकायचं आणि आल्यावर सरळ व्हायला विसरायचं अशी त्याची सवय. पायात रबरी बूट, कमरेला सुरी, आणि हॉर्नवाल्यांना शिव्या चालू.

"डबी कुठाय?" मी विचारलं.

"बाईंच्या कपाटात," कुणीतरी म्हणालं.

"किल्ली कारकुनाकडे असेल."

"आता तिकडं कोण जाणार? मामा आहेत ना."

माणसं बाजूला झाली आणि मामा आले. मी खड्ड्याच्या पलीकडच्या काठाला होतो. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता हे म्हणतील की जा, यंत्र आणा. एवढंच म्हणायचं होतं. कुणी कारणही विचारलं नसतं, म्हातारा शहाणा झाला म्हणून थोडी चेष्टा केली असती. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते. बायका बघत होत्या, गाडीवाले हॉर्न थांबवून बघत होते, मुलगा बघत होता. दुपारनंतर त्यांच्याकडे असं कुणी बघणार नव्हतं, हे आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. मामांनी गुडघे टेकले. पांढरा सदरा सिमेंटला घासला. तोंड आत घातलं, एक श्वास घेतला, आणि हात झटकत उठले.

"उतर," ते म्हणाले.

लांब्यानं शिडीवर पाय ठेवला.

"थांब!" मी ओरडलो. "लांब्या, उतरू नको. मामांना वास येत नाही. तापापासून येत नाही."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"जावईबापू," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पण आवाज अगदी हळू होता. "पॅनेलवर जा."

"मामा, तुम्ही मला शब्द दिला होता."

"भाऊजी, काय चाललंय?" लांब्या कमरेपर्यंत आत होता. त्याला वाटलं आमचं काहीतरी वाजलंय. "घरातलं घरी बघू ना. एवढी सुतळी कापतो आणि येतो."

मी पलीकडे धावलो आणि त्याची कॉलर धरली. दोघांनी मला मागं ओढलं. कुणीतरी म्हणालं, बाईंचा चमचा. मी हातपाय झाडत होतो, लांब्या हसत होता आणि आणखी एक पायरी खाली गेला होता. आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. मी खरं बोलत होतो, मोठ्यानं बोलत होतो, आणि त्या खऱ्याला काडीची किंमत नव्हती.

तेवढ्यात बायकांमधून वाट काढत मामी पुढे आल्या. हातात अजून मोजे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खड्डा सोडला म्हणालात ना?"

मामा सदऱ्यावरची धूळ झटकू लागले.

"माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात ना?"

मामांनी मान फिरवली. मामी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्या पुढच्या बोलण्यानंतर घरात काय उरणार हे त्यांना दिसत होतं. मग त्या वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलाला म्हणाल्या, "वर ये. तुझ्या बापाला काही कळत नाही. समोर दूध करपलं तरी कळत नाही. ओट्यावर वास मी घेते, हे नुसतं बोलतात. वर ये बाळा."

लांब्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्यानं बापाकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते, आणि ते बघून त्याला सगळं कळलं. तो एकेक पायरी वर आला. ज्यांनी मला धरलं होतं त्यांचे हात आपोआप सुटले.

कुणीतरी धावत जाऊन डबी आणली. तिला दोरी बांधली आणि आत सोडली. लांब्या जिथपर्यंत उतरला होता त्याच्या थोडी खालीच गेली असेल, आणि ती किंचाळू लागली. तो आवाज सिमेंटमध्ये घुमत वर येत होता. दोरी धरलेला माणूस तसाच उभा राहिला. शेवटी मी त्याच्या हातातून दोरी घेतली आणि डबी वर ओढली. वर आल्यावरही बराच वेळ ती गप्प होईना.

पंखा आणून लावला. गाडीवाल्यांना कुणीतरी जाऊन सांगितलं, आणि त्यांनी एकही हॉर्न न वाजवता गाड्या बंद केल्या. मामा खड्ड्यापासून चार पावलांवर मातीत बसले होते. त्यांच्याजवळ जायची कुणाची छाती होत नव्हती. मामी लांब ओट्याच्या कडेला टेकल्या होत्या आणि हातातले मोजे काढायचे विसरल्या होत्या. त्यांना मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी भांडं नुसतं हातात धरून ठेवलं.

बाई आल्या तेव्हा पंखा चालूच होता. काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं. मला वाटलं होतं त्या मामांना फाडून खातील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं करावं अशी माझी इच्छाही होती. पण त्या मामांपाशी जाऊन उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, उन्हात नका बसू. आत चला."

मामांनी मान हलवली. ते नाही म्हणाले की त्यांना ऐकूच आलं नाही, मला कळलं नाही. त्यांचे डोळे लांब्याला शोधत होते. लांब्या पंख्याची वायर सरळ करत होता. बापानं हाक मारली नाही, पण तो वायर ठेवून आला आणि समोर उभा राहिला.

"तुला वास नाही आला?" मामांनी विचारलं.

"आला ना."

"कसला?"

"सडक्या अंड्यांचा. झाकण उघडल्याबरोबर आला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

मामांनी वर बघितलं. मग आजूबाजूच्या एकेकाकडे बघत गेले. पंपवाला, ओट्यावरची माणसं, पट्ट्यावरच्या बायका. ज्याच्याकडे बघायचे तो खाली मान घालायचा. वास सगळ्यांनाच आला होता. झाकणापाशी उभ्या असलेल्या कुणाचंच नाक तापात गेलेलं नव्हतं. शेवटी त्यांची नजर माझ्याकडे आली, आणि मीही खाली मान घातली. कारण मलाही आला होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो होतो की मामांना वास येत नाही. खड्ड्याला वास येतोय, मला स्वतःला येतोय, हे त्या सगळ्या आरडाओरड्यात माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

"मग उतरत का होतास?" मामांनी मुलाला विचारलं. त्यांचा आवाज फाटला होता.

लांब्याला तो प्रश्नच कळला नाही. हे काय विचारणं झालं, अशा नजरेनं तो बापाकडे बघत राहिला.

"तुम्ही म्हणालात ना, बाबा," तो म्हणाला. "उतर म्हणून."

मामांनी पुढे वाकून त्याचे दोन्ही बूट हातांनी घट्ट धरले, आणि आम्ही सोडवायला गेलो तरी सोडले नाहीत.